वर्सोवा किनारा स्वच्छता मोहीम

मुंबईत अंधेरीच्या पश्चिमेस, साष्टी बेटावरील वर्सोव्याचा सुमारे अडीच किलोमीटर लांबीचा किनारा प्लॅस्टिकमुक्त करण्यासाठी रहिवाशांनी ऑक्टोबर २०१५ मध्ये सुरू केलेली लोकमोहीम. आरंभ वकील अफरोज शाह आणि त्यांचे ८४ वर्षांचे शेजारी या दोघांनी केला. पुढे कोळीवाड्यातले मच्छीमार, विद्यार्थी आणि वस्त्यांमधली कुटुंबे सुटीच्या दिवशी येऊ लागली. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने शाह यांना २०१६ चा ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ पुरस्कार दिला.

हे काम दिसते त्याहून फार कष्टाचे. वाळूत रुतलेली पिशवी ओढली की फाटते, निम्मी आतच राहते. म्हणून फावड्याने खणून, हाताने सोडवून ती गोणीत भरावी लागते. पावसाळ्यात नाल्यांतून वाहून आलेला कचरा उधाणाची भरती पुन्हा किनाऱ्यावर आणून टाकते. याची झळ कोळ्यांना सर्वांत आधी लागते. भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोल जाळ्यात बोंबील आणि जवळ्याबरोबर पिशव्यांचे तुकडेही येतात आणि ते निवडत बसावे लागते.

नोव्हेंबर २०१७ मध्ये स्वयंसेवकांना होणारा त्रास आणि गोळा केलेला कचरा न उचलला जाणे या कारणांनी मोहीम थांबवण्यात आली. काही काळाने ती पुन्हा सुरू झाली. मार्च २०१८ मध्ये, अनेक वर्षांनंतर, या वाळूतून ऑलिव्ह रिडले कासवाची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. राज्याच्या प्लॅस्टिकबंदीची अंमलबजावणी त्याच वर्षी २३ जूनपासून सुरू झाली. पुढे शाह आणि सहकाऱ्यांनी मिठी नदीही साफ करायला घेतली. मोहिमेतले हे सर्वांत शहाणपणाचे पाऊल होय. कचरा नदी-नाल्यांतच अडवला नाही, तर किनारा कितीही वेचला तरी पुन्हा भरतो.

समुद्रापासून दूरची गावेही यातून सुटत नाहीत. पुण्याचा मैला आणि कचरा घेऊन लोणी काळभोरच्या बाजूने जाणारी मुळा-मुठा भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि कृष्णा आंध्रात दिवी बेटाला वळसे घालून बंगालच्या उपसागरात जाते. वाटेत उजनीचे धरण आहे; बराच गाळ-कचरा तिथेच साचतो, हेही काही समाधानाचे नाही.

म्हणून कचरा घरातच अडवावा: दुधाच्या पिशवीचा कोपरा कापताना पूर्ण तोडू नये, पिशवीलाच लटकता ठेवावा. सुटा तुकडा भंगारवाला घेत नाही आणि वाळूत पडला तर वेचताही येत नाही.