एक कप चहा आणि दहा मिनिटे



ज्या व्यासपीठावरून ज्ञानेश्वरीवर आणि अर्थसंकल्पावर व्याख्याने होतात, तेथे उभे राहून कामगार चळवळीतल्या माणसाने कपबशीविषयी बोलावे, हे काही मंडळींना विचित्र वाटेल. परंतु आमची विद्या शाळेतली नाही. जे काही शिकलो ते युनियनच्या कचेरीत, कारखान्याच्या फाटकावरील सभांत आणि वाचनालयातून आणलेल्या पुस्तकांत शिकलो. आणि या तिन्ही ठिकाणी हाताशी चहा होता. इतक्या जुन्या सोबत्याची वंशावळ पाहावी असे वाटले, आणि पाहू गेलो तर तो जुना नाहीच असे आढळले!

आपल्या खापरपणजोबांच्या ओटीवर आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवीत. चहा त्यांना ठाऊक असलाच तर साहेबाचे पेय म्हणून. आसामच्या रानात चहाची झाडे आहेत हे इंग्रजांना 1823 च्या सुमारास कळले आणि 1839 साली तेथला चहा लंडनच्या लिलावात विकला गेला. तो पिकवायचा येथे आणि प्यायचा तिकडे, असा हिशेब होता. मळ्यांवर दूरदूरच्या प्रांतांतून करारबद्ध मजूर नेले जात. मळा सोडून पळणाऱ्या मजुराला वॉरंटावाचून पकडण्याचा अधिकार 1865 च्या कायद्याने खुद्द मळेवाल्याला दिला होता. म्हणजे फिर्यादीही तोच आणि फौजदारही तोच. 1921 साली चारगोळा खोऱ्यातील हजारो मजूर मळे सोडून गावाकडे पायी निघाले, तेव्हा चांदपूरच्या स्टेशनावर त्यांना गुरखा शिपायांकडून मार बसला. आणि त्यांच्यासाठी रेल्वेच्या व आगबोटींच्या कामगारांनी संप केला. चहाचा स्वाद वर्णन करणाऱ्या पुस्तकांत ही हकीकत क्वचित सापडते, म्हणून ती येथे मुद्दाम सांगितली.

आता महाराष्ट्राकडे वळू. 1890 हे साल आमच्या दृष्टीने फार मजेचे आहे. त्या वर्षीच्या 14 ऑक्टोबरला पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये व्याख्यानाच्या निमित्ताने शहरातील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. न्यायमूर्ती रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यानानंतर चहाबिस्किटे पुढे आली. कोणी चहा घेतला, कोणी कपाला नुसता हात लावला. या समारंभाची खटपट करणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉक्टर आनंदीबाईंचे यजमान. त्यांनीच पुढे मंडळींची नावे 'पुणे वैभव' पत्रात छापविली आणि एकच गहजब उडाला. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशीचे मंडळ बसले, प्रायश्चित्ते झाली. रानड्यांनीही 1892 मध्ये प्रायश्चित्त घेतले. ज्या कपासाठी आज कोणी मान वर करून पाहत नाही, त्याच्यासाठी पुण्यातील थोरामोठ्यांची घरे दोन वर्षे ढवळून निघाली.

आणि त्याच 1890 च्या 10 जूनला मुंबईत निराळेच घडले होते. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या प्रयत्नांना यश येऊन गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. लोखंड्यांनी 1884 पासून ज्या मागण्या लावून धरल्या होत्या, त्यांत आणखी एक होती: दुपारी अर्धा तास विसावा. ती 1891 च्या फॅक्टरी कायद्याने मान्य झाली. पुण्यात वाद होता चहा कोणाच्या हातचा घ्यावा याचा, आणि मुंबईत भांडण होते विसाव्याला वेळ मिळावा याचे. चहाचा आपल्याकडील सारा इतिहास या दोन प्रश्नांभोवती फिरतो, असे आमचे मत आहे.

कामगाराच्या ओठांना चहा लागला तो मात्र आपोआप नव्हे. 1903 साली चहावर एक कर बसविण्यात आला. तो मळेवाल्यांनी स्वतःच मागून घेतला होता, आणि त्याचा पैसा चहाच्या प्रसारासाठी खर्च व्हायचा होता. आपण होऊन कर मागणारा मालक आम्ही या एकाच प्रकरणात पाहिला! पहिल्या महायुद्धाच्या काळात गिरण्यांत, खाणींत आणि रेल्वे स्टेशनांवर चहाची दुकाने लागली. चहा पाजला तर मजूर ताजातवाना होतो आणि काम अधिक उठते, हे मालकांना पटविण्यात आले. गांधीजींचा आणि आचार्य प्रफुल्लचंद्र रायांचा चहाला विरोध होता. तो त्यांच्या ठिकाणी प्रामाणिक होता. पण ज्याला सकाळी न्याहारी मिळत नाही त्याला चहा सोडण्याचा उपदेश करण्यात फारसा अर्थ नाही. भूक मारणे वाईट हे खरे, पण ती मारण्याची पाळी कोणी आणली?

मालकाने काम वाढविण्यासाठी दिलेला चहा कामगाराने बोलण्यासाठी वापरला. यात मोठा वाटा मुंबईच्या इराणी हॉटेलांचा. यझ्द आणि कर्मान भागांतून आलेल्या या लोकांनी नाक्यानाक्यावर दुकाने थाटली. धोबीतलावचे कयानी 1904 चे, ग्रँट रोडचे मेरवान 1914 चे. संगमरवरी टेबल, वाकविलेल्या लाकडाच्या खुर्च्या, ब्रून-मस्का आणि 'पानी कम' चहा. तेथे बसणाऱ्याची जात विचारण्याचा रिवाज नव्हता, आणि ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती. गिरणीत अस्पृश्य कामगाराला विणकाम खात्यात घेत नसत. कारण धोट्यातून धागा तोंडाने ओढावा लागे आणि त्याचा विटाळ मानीत. ज्याचे तोंड लागलेला धागा चालत नाही, त्याचे तोंड लागलेला कप हॉटेलवाला कसा चालवून घेणार? गावोगाव अशा माणसाला चहा मिळे तो बाहेर, करवंटीत किंवा कान तुटलेल्या वेगळ्या कपात.

कोल्हापूरला शाहू महाराजांनी यावर जो उपाय केला तो शंभर व्याख्यानांना भारी आहे. गंगाराम कांबळे या अस्पृश्य नोकराला त्यांनी चहाचे हॉटेल काढून दिले, 'सत्यसुधारक' नावाचे. गिऱ्हाईक फिरकेना. तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तेथला चहा मागवीत, आणि सोबतच्या उच्चवर्णीय मंडळींनाही तो घ्यावा लागे. पुढे 1950 च्या राज्यघटनेने हॉटेलांची दारे सर्वांना खुली केली आणि 1955 च्या कायद्याने अडविणाऱ्याला शिक्षा ठेवली. वेगळा कप त्यानंतरही कित्येक ठिकाणी छपराच्या आढ्याला खोचलेला राहिला, हे आपल्यापैकी गावाकडून आलेल्यांना सांगायला नको.

आवडीनिवडी पाहिल्या तरी त्यांत परिस्थितीच दिसते. कोकणात कोरा चहा प्यायला गेला, कारण दुभते जनावर घरोघर नव्हते. देशावर घरच्या माणसांना गुळाचा आणि पाहुण्याला साखरेचा. गुळाने दूध फाटते म्हणून ते वरून घालायचे. 1930 च्या सुमारास आसामात पाने चिरडून दाणेदार चहा करणारे यंत्र निघाले. असा चहा थोडा टाकला तरी रंग गडद येतो, आणि दूधसाखर घालून उकळण्याला तो सोसतो. स्वस्त आणि कडक चहाची आपली आवड अशी घडली. कटिंगचे कारण खिशात आहे. बशीचे मात्र घड्याळात आहे, असे आम्हांस वाटते. उकळता चहा बशीत ओतला की चटकन निवतो. आणि ज्याला भोंग्यापूर्वी साच्यावर परतायचे आहे, त्याला कप हातात धरून फुंकर घालीत बसायला सवड नसते.

या घड्याळाचेच थोडे अधिक सांगतो. 1948 च्या फॅक्टरी कायद्याने सलग पाच तासांनंतर अर्धा तास विश्रांती दिली, अडीचशेहून अधिक कामगार असतील तेथे कँटीनची तरतूद केली. पण सकाळची चहाची दहा मिनिटे त्या कायद्यात कोठेही नव्हती. ती वहिवाटीने आली आणि करारांनी टिकली. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मात्र रूढ झालेली सवलत काढून घेणे हा विषय होता, आणि त्यासाठी 21 दिवसांची नोटीस लागत असे. रोजची सवय अशी हक्काच्या पायरीवर जाऊन बसली.

आमच्या माहितीतल्या एका कारखान्यात व्यवस्थापनाने ही दहा मिनिटे एका सोमवारी नोटिशीवाचून बंद केली. चहा यंत्रापाशी आणून देऊ, तेथेच प्या, असा निरोप आला. कामगारांनी कप घेतले आणि यंत्रावर ठेवून दिले. कोणी प्यायले नाही. साय धरलेले कप संध्याकाळी परत गेले. असे नऊ दिवस चालले. दहाव्या दिवशी बोलणी झाली आणि दहा मिनिटे परत मिळाली, पण कायम कामगारांना. कंत्राटावरच्या बायका त्या करारात नव्हत्या. त्या उभ्यानेच, कागदी कपात, पॅकिंगच्या पट्ट्यावर एक हात ठेवून चहा पीत राहिल्या. पुढच्या मागणीपत्रात आम्ही त्यांचे कलम पगारवाढीच्याही वर घातले. त्यावर सही व्हायला चौदा महिने लागले.