कोकणातील मालकी राने

अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात रामचंद्रपंत अमात्यांनी रचलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडाविषयी जो दंडक आहे, त्यात सागासारखी झाडे हुजूरच्या परवानगीने तोडावीत, परंतु रयतेच्या आंबा-फणसांना हात लावू नये आणि एखादे जीर्ण झाड हवेच असेल तर धन्याला राजी करून, मोल देऊन ते न्यावे, असे बजावले आहे. झाडाची राखण आणि धन्याचा हक्क यांची ही सांगड कोकणातील मालकी रानांच्या, म्हणजे खासगी सातबाऱ्यावरील जंगलांच्या, पुढील इतिहासात सैल होत गेली.

रत्नागिरी जिल्ह्यात वनखात्याच्या ताब्यातील जमीन अत्यल्प असल्याने ऐन, किंजळ, खैर यांची बहुतेक राने कुटुंबांच्याच मालकीची आहेत. भातखाचरांच्या वरची उताराची हलकी जमीन, जिला वरकस म्हणतात, राबासाठी राखली जाई. झाडांच्या फांद्या छाटून, त्यांचा टाहळ शेण, गवत व पालापाचोळ्यासह भाताचे रोप टाकायच्या जागेवर थराथराने पसरायचा आणि पावसाआधी भाजायचा, ही राबाची रीत होय. पुढच्या साली त्याच झाडाचा टाहळ लागणार असल्याने बुंधा व शेंडा राखला जाई, आणि ऐनाला पुन्हा धुमारे फुटत. हे संवर्धन गरजेतून आलेले होते, म्हणूनच ते टिकले.

१९६४ च्या वृक्षतोड नियमन कायद्याने मालकाच्या जमिनीवरील ठरावीक जातींच्या झाडांनाही परवानगीची अट घातली, तर महाराष्ट्र खासगी वने (संपादन) कायद्याने ३० ऑगस्ट १९७५ पासून अशी वने शासनाकडे घेतली. पुढे १९७८ च्या दुरुस्तीने मालकाची एकूण धारणा १२ हेक्टर होईल इतकी जमीन त्याला परत देण्याची तरतूद झाली. मालक हा रानाचा राखणदारही असू शकतो, हा विचार या कायद्यांत जवळजवळ नाही. दरम्यान रासायनिक खते आल्यावर राब मागे पडला, सातबाऱ्यावर सहहिस्सेदारांची नावे वाढत गेली, त्यांतील कित्येक मुंबईला स्थायिक झाले, आणि वाटणी न झालेल्या रानातून रोख पैसा मिळण्याची सोपी वाट म्हणजे उभे रान ठेकेदाराला तोडीस देणे, एवढीच उरली.

संगमेश्वर परिसरात पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने मालकांशी रान राखण्याचे करार करून त्यांना मोबदला देण्याची जी पद्धत सुरू केली, ती ‘आज्ञापत्रा’तील न्यायाला अधिक जवळची आहे. ज्या बेहड्याच्या ढोलीत महाधनेश घरटे करतो, तो बेहडा अनेकदा कुणाच्या तरी सातबाऱ्यावर उभा असतो; त्याच्या उभे राहण्याचे मोल मालकाला मिळाले पाहिजे.