केंब्रिजमधील परीक्षेची तयारी आणि भौतिकशास्त्राची घडण

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास केंब्रिज विद्यापीठात यामिकी, प्रकाशिकी, द्रवस्थितिकी आणि खगोलशास्त्र हे भौतिकशास्त्राचे भाग ‘मॅथेमॅटिकल ट्रायपॉस’ या गणिताच्या पदवी परीक्षेतच समाविष्ट होते. १८४८च्या नियमांनुसार ऐन जानेवारीत होणारी ही परीक्षा आठ दिवस चाले. पहिल्या तीन दिवसांत कलनशास्त्राविना सोडवायचे प्राथमिक प्रश्न विचारले जात, आणि त्यांत उत्तीर्ण होणाऱ्यालाच पुढील पाच दिवसांच्या प्रगत प्रश्नपत्रिकांना बसता येई. काही प्रश्नांत ग्रंथांतील सिद्धता लिहून दाखवायच्या असत, तर काहींत त्याच तत्त्वांवर बेतलेली, पूर्वी न पाहिलेली उदाहरणे घड्याळाकडे लक्ष ठेवून सोडवावी लागत. प्रथम वर्गात येणाऱ्यास ‘रँग्लर’ आणि त्यांतील पहिल्यास ‘सीनियर रँग्लर’ म्हणत.

महाविद्यालयांतील व्याख्याने या तयारीला पुरी पडत नसल्याने खासगी शिकवणी हा स्वतंत्र व्यवसाय बनला. महाविद्यालयाच्या फेलोंना अविवाहित राहण्याचे बंधन असल्यामुळे विल्यम हॉपकिन्स यांच्यासारख्या विवाहित विद्वानाला शिकवणीवरच चरितार्थ चालवावा लागला. स्टोक्स, विल्यम टॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) आणि मॅक्सवेल हे त्यांचेच विद्यार्थी होत. १८५४मध्ये मॅक्सवेलना मागे टाकून पहिले आलेले एडवर्ड राउथ हेही हॉपकिन्सचेच शिष्य. त्यांनी पुढे लहान गट, स्वहस्ते लिहिलेली टिपणे आणि नियमित तपासली जाणारी उदाहरणे यांच्या आधारे ही शिकवणी शिस्तबद्ध केली. रेली आणि जे. जे. टॉमसन त्यांच्याकडे शिकले.

या पद्धतीला केवळ घोकंपट्टी म्हणणे अन्यायाचे ठरेल. बंद वक्रावरील रेषीय संकल आणि त्या वक्राने वेढलेल्या पृष्ठावरील संकल यांचा संबंध सांगणारे, आज ‘स्टोक्सचे प्रमेय’ म्हणून ओळखले जाणारे विधान छापील स्वरूपात प्रथम आले, ते १८५४च्या ‘स्मिथ पारितोषिक’ परीक्षेत स्टोक्स यांनी विचारलेला प्रश्न म्हणून. आणि ती परीक्षा देणाऱ्या मॅक्सवेलनी पुढे विद्युत्चुंबकीय सिद्धांतात त्याचा उपयोग केला. तरीही या तयारीत प्रयोगाला स्थान नव्हते, आणि उष्णता, विद्युत् व चुंबकत्व हे विषय ट्रायपॉसमध्ये रीतसर येण्यास १८७३ साल उजाडले.

१८९९मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे सीनियर रँग्लर ठरले, आणि ‘रँग्लर’ ही उपाधी महाराष्ट्रात त्यांच्या नावाशी कायमची जोडली गेली. गुणानुक्रमे नावे जाहीर करण्याची प्रथा केंब्रिजने १९०९नंतर बंद केली. पण ठरावीक वेळेत अपरिचित उदाहरण सोडवायला लावून विद्यार्थ्याचे भौतिकशास्त्र जोखण्याची रीत जगभरच्या विद्यापीठांत आजही चालू आहे.