दाविद ब्रॉन्स्टीन : पट आणि लेखणी

बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद या आपल्या वस्तीच्या गावांतून १९९० नंतर रशियन यहुदी मंडळी फार मोठ्या संख्येने आली. त्यांच्या सामानाबरोबर बुद्धिबळाचे पटही आले. आम्ही परिचारिका म्हणून ज्या वॉर्डांतून काम केले, तेथे या मंडळींतील वृद्ध रुग्णांच्या उशाशी औषधाच्या गोळ्या, चष्मा आणि एखादे जीर्ण रशियन बुद्धिबळाचे पुस्तक, हे दृश्य नेहमीचे होते. पुष्कळदा पुस्तक एकच असे : १९५३ सालच्या झुरिच येथील सामन्यांवरचे. लेखक दाविद ब्रॉन्स्टीन. पुढे आम्ही ते इंग्रजी भाषांतरात वाचले आणि त्या लेखकाची हकिकत आपल्या वाचकांपुढे मांडावी असे वाटले. जगज्जेत्यांची नावे सर्वांना ठाऊक असतात. ब्रॉन्स्टीन मात्र जगज्जेता झाला नाही, आणि तरीही बुद्धिबळ शिकणाऱ्यांच्या घरात तो कित्येक जगज्जेत्यांपेक्षा जास्त वाचला गेला.

त्याचा जन्म १९ फेब्रुवारी १९२४ रोजी युक्रेनमधील बिला त्सेर्कवा या गावी यहुदी कुटुंबात झाला. आजोबांनी त्याला सहाव्या वर्षी पट शिकवला. पुढे कुटुंब कीव्हला आले आणि तेथील बालभवनात कॉन्स्टँटिनोपोल्स्की नावाच्या उत्तम शिक्षकाच्या हाताखाली मुलगा तयार होऊ लागला. १९३७ साली वडिलांना अटक झाली. ते वर्ष कसले होते हे रशियन घरांतून कोणालाही विचारावे, दोन पिढ्यांनंतरही आवाज खाली येतो. आडनावही अडचणीचे होते. स्टालिनचा हाडवैरी ट्रॉट्स्की याचे मूळ आडनाव ब्रॉन्स्टीनच. वडील सात वर्षे छावणीत राहिले आणि १९४४ साली खंगलेल्या प्रकृतीने परत आले. ज्या वयात मुलाला बापाचा आधार लागतो, ती सर्व वर्षे या मुलाने ‘लोकशत्रूचा मुलगा’ म्हणून काढली.

तरीही खेळ वाढत गेला. सोळाव्या वर्षी, १९४० साली, तो युक्रेनच्या अजिंक्यपद स्पर्धेत दुसरा आला आणि त्याला मास्टर हा किताब मिळाला. १९४१ च्या जूनमध्ये रोस्तोव्ह येथे तो एका स्पर्धेत खेळत असतानाच जर्मनांची स्वारी आली व पट गुंडाळावा लागला. लष्करात तो अपात्र ठरला. युद्धात उद्ध्वस्त झालेल्या इमारतींच्या उभारणीत मजुरी व कारकुनी अशी मिळेल ती कामे त्याने केली.

येथे एक विलक्षण गोष्ट येते. त्याला मॉस्कोत आणणारा, त्याच्या पाठीशी उभा राहणारा आणि पुढे आयुष्यभराचा मित्र झालेला माणूस म्हणजे बोरिस वाइनस्टाइन. हा बुद्धिबळाचा मोठा जाणकार, पण त्याची नोकरी होती त्याच गुप्त पोलिसांच्या खात्यात, ज्यांनी ब्रॉन्स्टीनच्या बापाला उचलून नेले होते. ज्या ‘डायनॅमो’ क्लबकडून ब्रॉन्स्टीन खेळत असे, तोही पोलिस खात्याचाच. एकच खाते एका हाताने मारते व दुसऱ्या हाताने तारते, अशा घरात राहून माणसाच्या मनाचे काय होत असेल याचा विचार वाचकांनीच करावा.

१९४४ च्या सोव्हिएट अजिंक्यपद स्पर्धेत या वीस वर्षांच्या मुलाने थेट बॉट्विनिकला हरवले. १९४८ आणि १९४९ अशी लागोपाठ दोन वर्षे तो सोव्हिएट संघाचा संयुक्त विजेता झाला. १९४८ साली स्वीडनमधील आंतरविभागीय स्पर्धा त्याने एकही डाव न हरता जिंकली. १९५० साली जागतिक संघटनेने ग्रँडमास्टर हा किताब प्रथमच अधिकृतपणे २७ जणांना दिला, त्यांत ब्रॉन्स्टीन होता. त्याच वर्षी बुडापेस्टला उमेदवारांच्या स्पर्धेत तो आणि त्याचा मित्र इसाक बोलेस्लाव्हस्की बरोबरीत आले. जादा डावांत ब्रॉन्स्टीन जिंकला आणि जगज्जेत्याला आव्हान देण्याचा हक्क त्याला मिळाला.

१९५१ च्या मार्चमध्ये मॉस्कोच्या चायकोव्हस्की सभागृहात तो सामना सुरू झाला. पटाच्या दोन्ही बाजूंना यहुदी! एकीकडे मिखाईल बॉट्विनिक, विजेचा इंजिनिअर, शिस्तीचा पुतळा, सरकारचा लाडका. तीन वर्षे तो डॉक्टरेटच्या अभ्यासात होता व जाहीर डाव खेळलाच नव्हता. दुसरीकडे २७ वर्षांचा ब्रॉन्स्टीन, ज्याच्या डोक्यात कल्पना माशांच्या थव्यासारख्या फिरत. पहिल्याच डावात त्याने बॉट्विनिकचेच आवडते डच शस्त्र त्याच्याविरुद्ध काढले. सामना चोवीस डावांचा आणि नियम असा की बरोबरी झाली तर गादी जुन्या जगज्जेत्याकडेच राहावयाची.

सहाव्या डावात सहज बरोबरी होईल अशा स्थितीत ब्रॉन्स्टीनने राजाची एक चुकीची खेळी केली आणि डाव घालवला. अर्ध्या गुणाचे ते नुकसान पुढे किती महाग पडले ते पाहा. बावीस डाव झाले तेव्हा तो साडेअकरा विरुद्ध साडेदहा असा पुढे होता. उरलेल्या दोन डावांत एक गुण पुरे होता. तेविसाव्या डावात बॉट्विनिककडे दोन उंट, ब्रॉन्स्टीनकडे दोन घोडे. रात्रीसाठी डाव तहकूब झाला, दुसऱ्या दिवशी पुन्हा बसले आणि ५७व्या खेळीला ब्रॉन्स्टीनने हार मानली. चोविसावा डाव बरोबरीत सुटला. दोघांचे पाच-पाच विजय, चौदा बरोबऱ्या, बारा विरुद्ध बारा. गादी बॉट्विनिककडे राहिली.

ब्रॉन्स्टीनला मुद्दाम हरावयास लावले, अशी वदंता तेव्हापासून आजवर चालू आहे. तो स्वतः म्हातारपणी लिहिताना एवढेच म्हणाला की निरनिराळ्या बाजूंनी मनावर भारी दडपण होते, त्यापुढे वाकावे की नाही हे शेवटी त्याच्याच हाती होते आणि जगज्जेतेपदाबरोबर येणारी सरकारी मानमरातबाची बेडी त्याच्या स्वभावाला मानवणारी नव्हती. या शब्दांतून कोणी काहीही काढू शकेल. आमचे मत सांगावयाचे तर तेविसावा डाव बॉट्विनिकने खरोखरच सुंदर खेळला आहे, आणि त्याच्या पदरातले श्रेय हिरावून ब्रॉन्स्टीनच्या पदरात सहानुभूती घालण्याचे कारण नाही. पण दडपण नव्हते असे म्हणणारासही त्या काळाची माहिती नसावी. १९५२ च्या ऑगस्टमध्ये मॉस्कोत यिद्दिश लेखकांना गोळ्या घातल्या गेल्या. १९५३ च्या जानेवारीत यहुदी डॉक्टरांवर विषप्रयोगाचा खोटा आळ आला. आम्ही या व्यवसायातले असल्याने ते प्रकरण वाचताना अंगावर काटा येतो. फेब्रुवारीत सोव्हिएट संघाने इस्राएलशी संबंध तोडले. मार्चमध्ये स्टालिन मेला, एप्रिलमध्ये डॉक्टर सुटले, जुलैमध्ये संबंध पुन्हा जुळले.

आणि ऑगस्टच्या अखेरीस स्वित्झर्लंडमध्ये, प्रथम नॉयहाउझन व मग झुरिच येथे, उमेदवारांची ती प्रसिद्ध स्पर्धा सुरू झाली. पंधरा खेळाडू, त्यांत नऊ सोव्हिएट. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोन डाव खेळावयाचे, म्हणजे एकूण २१० डाव. दोन महिने हे चालले. आपल्या लोकांचा भरणा पाहून वाचकांना नवल वाटेल. बोलेस्लाव्हस्की होता, गेलर होता. अमेरिकेचा रेशेव्हस्की होता, जो शब्बाथ काटेकोरपणे पाळी आणि शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या रात्रीपर्यंत पटाला हात लावीत नसे. अर्जेंटिनाचा नायडॉर्फ होता. हा मूळचा पोलंडचा. १९३९ साली ब्यूनोस आयरिसला खेळावयास गेला, मागे महायुद्ध पेटले, तो वाचला आणि घरची माणसे नाझींच्या हाती गेली. स्पर्धा स्मिस्लॉव्हने १८ गुणांनी जिंकली. ब्रॉन्स्टीन, केरेस व रेशेव्हस्की प्रत्येकी १६ गुणांवर दुसरे आले.

या स्पर्धेवरचे ब्रॉन्स्टीनचे पुस्तक १९५६ साली मॉस्कोत निघाले व १९६० मध्ये त्याची दुसरी आवृत्ती आली. स्पर्धांची पुस्तके तोवर कशी असत? खेळ्यांच्या लांबच लांब रांगा, मध्येच कंसात दुसऱ्या रांगा. अधिकारी माणसाने अधिकारी माणसासाठी लिहिलेला हिशेब. ब्रॉन्स्टीनने हे सोडून दिले. खेळाडूच्या मनात काय चालले होते, ही योजना का निघाली, ती का फसली, हे तो साध्या बोलीत सांगतो. वॉर्डात नवीन मुली येत तेव्हा नाडी, ताप, रक्तदाब तक्त्यावर लिहावयास त्या आठवड्यात शिकत. तो आकडा का चढला हे सांगणारी सिस्टर मात्र विरळा. ब्रॉन्स्टीन तशा सिस्टरसारखा आहे.

एक उदाहरण देतो. बुद्धिबळात ‘काळी घरे दुबळी झाली’ असे म्हणतात. नवशिक्याला वाटते, असू देत, माझी मोहरी पांढऱ्या घरांत आहेत, मला काय त्याचे? ब्रॉन्स्टीन समजावतो की शत्रूने काळी घरे व्यापली की तेथून तो पांढऱ्या घरांतल्या मोहऱ्यांवरच मारा करतो. म्हणजे काळ्या घरांची दुर्बळता ही शेवटी पांढऱ्या घरांत उभ्या असलेल्यांची दुर्बळता. एवढे वाचले की पट निराळा दिसू लागतो. किंग्ज इंडियन नावाचा बचाव त्याने व बोलेस्लाव्हस्कीने मिळून नव्याने घडवला होता. जो प्रकार कित्येक मास्टर मंडळी कमअस्सल मानीत, त्याचे मर्म या पुस्तकाने साऱ्या जगाला शिकवले.

दुसऱ्याच्या पराक्रमाचे कौतुक करताना त्याचा हात आखडत नाही, हाही आम्हास आवडलेला गुण. स्वतः दोन गुणांनी मागे पडलेला माणूस विजेत्या स्मिस्लॉव्हच्या डावांवर मन लावून लिहितो. आणि पुस्तकातल्या गद्याचे पुष्कळसे श्रेय वाइनस्टाइनचे आहे, हेही त्याने पुढे स्वतःहून सांगितले.

पण या पुस्तकात एक गोष्ट नाही. सोव्हिएट पथकाच्या अधिकाऱ्यांनी झुरिचमध्ये, रेशेव्हस्की जिंकू नये व स्मिस्लॉव्ह जिंकावा म्हणून, आपल्याच खेळाडूंवर दबाव आणला, काही निकाल ठरवून घेतले, असे ब्रॉन्स्टीनने चाळीस-पन्नास वर्षांनी लिहिले. सर्वांना ही हकिकत मान्य नव्हती. १९५६ च्या पुस्तकात याचा एक शब्दही नाही आणि असणे शक्यही नव्हते. त्याने डावांविषयी खरे लिहिले व माणसांविषयी गप्प राहिला. बापाला छावणीतून परत आलेले पाहिलेल्या मुलाकडून याहून जास्त कोणी मागावे, असे आम्हास वाटत नाही.

पुढची कारकीर्द थोडक्यात. १९५५ साली गॉथेनबर्गची आंतरविभागीय स्पर्धा त्याने पुन्हा अपराजित राहून जिंकली. ऑलिंपियाडमध्ये १९५२ ते १९५८ अशी चार सुवर्णपदके संघाबरोबर मिळवली व ४९ डावांत फक्त एक हरला. १९५८ साली पोर्तोरोझला शेवटच्या फेरीत फिलिपीन्सच्या कार्डोसोकडून हरून अर्ध्या गुणाने हुकला. पुन्हा तोच अर्धा गुण! त्यानंतर जगज्जेतेपदाच्या वाटेवर तो पूर्वीसारखा दिसला नाही.

लेखणी मात्र चालू होती. ‘इझ्वेस्तिया’ या दैनिकात तो बुद्धिबळाचे सदर लिही. १९७० साली दोनशे डावांचे एक पुस्तक आले, १९८० मध्ये नवशिक्यांसाठी स्वयंशिक्षक. खेळ जलद व्हावा, दर खेळीला घड्याळाने थोडी सवलत द्यावी अशा सूचना तो करी, तेव्हा लोक हसत. आज विजेच्या घड्याळांत त्याच्या नावाची ती सवलत बसवलेली असते. प्रत्येक खेळीला किती मिनिटे लागली हे तो टिपून ठेवी व त्याचे आलेख काढी. आमच्या तापाच्या तक्त्यांचाच हा भाऊ म्हणावयाचा.

१९७६ साली कोर्च्नोय हॉलंडमध्ये राहिला, मायदेशी परतला नाही. त्याचा धिक्कार करणारे पत्र निघाले आणि एकामागून एक ग्रँडमास्टरांनी सह्या केल्या. ब्रॉन्स्टीनने केली नाही. त्याचे मानधन थांबले व मोठ्या स्पर्धांची दारे वर्षाहून अधिक काळ बंद झाली. सही न करणाऱ्या मोजक्या लोकांत आणखी एक नाव होते : बॉट्विनिक. पंचवीस वर्षे ज्या दोघांचे फारसे पटले नाही, ते येथे एका बाजूस आले.

१९८४ साली त्याने जुन्या मित्राची, बोलेस्लाव्हस्कीची, कन्या तात्याना हिच्याशी विवाह केला. ती संगीतशास्त्राची प्राध्यापिका. दोघे मिन्स्कला राहिले. सोव्हिएट सत्तेची पकड सैल झाल्यावर तो युरोपभर हिंडला, खेळला, आणि १९९५ साली टॉम फ्यूर्स्टनबर्गबरोबर ‘जादूगाराचा शिष्य’ या अर्थाच्या नावाचे आत्मकथनपर पुस्तक लिहिले. बापाची अटक, १९५१ चे दडपण, हे सारे त्यात प्रथमच मोकळेपणाने आले. त्याचे वय तेव्हा ७१ होते. ५ डिसेंबर २००६ रोजी मिन्स्क येथे तो निवर्तला. सर्गेई व्होरोन्कोव्हबरोबर केलेले शेवटचे पुस्तक त्याच्या मृत्यूनंतर, २००७ साली छापून आले.

झुरिचच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर १९७९ पासून स्वस्त आवृत्तीत मिळते. ज्यांच्या घरी खेळणारी नातवंडे आहेत त्यांनी ते जरूर मागवावे. पहिल्या पानापासून वाचण्याची गरज नाही. चौदाव्या फेरीतला अव्हेरबाख विरुद्ध कोटोव्ह हा डाव काढावा. तिसाव्या खेळीला कोटोव्ह आपला वजीर राजापुढच्या प्याद्यावर टाकून देतो आणि पांढऱ्या राजाला उघड्या पटावर ओढून आणतो. नातवाला तेथेच थांबवून विचारावे की आता पुढे काय, आणि मगच पान उलटावे.