टेप लायब्ररी : जुन्या-नव्या ड्राइव्हचा मेळ

मोठ्या संस्था आपल्या संगणकीय माहितीच्या राखीव प्रती आजही चुंबकीय टेपवर जतन करतात. त्यासाठी रूढ असलेल्या ‘एलटीओ’ या प्रकाराची पहिली पिढी २००० साली आली. तिच्या एका टेपची क्षमता १०० जीबी होती. सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागील दोन पिढ्यांच्या टेप वाचत आणि लगतच्या मागील पिढीच्या टेपवर लेखनही करीत. २०१७ च्या आठव्या पिढीपासून मात्र ही सोय एकाच मागील पिढीपुरती उरली. २०२५ मध्ये आलेला दहाव्या पिढीचा ड्राइव्ह तर मागील कोणत्याही पिढीची टेप वाचत नाही.

त्यामुळे एकाच लायब्ररीत सहाव्या व आठव्या पिढीचे ड्राइव्ह असतील आणि सहाव्या पिढीची टेप नव्या ड्राइव्हमध्ये गेली, तर काम तेथेच अडते. म्हणून लायब्ररीचे पिढीनिहाय विभाग पाडावेत आणि बॅकअप प्रणालीत टेपचे संच स्वतंत्र नोंदवावेत. बारकोडच्या अखेरीस ‘एल६’, ‘एल८’ अशी पिढीची खूण असते. यांत्रिक हात त्या खुणेवरच विसंबतो. लेबल चुकीचे असेल तर त्याचा काय दोष?

जुने ड्राइव्ह मोडीत काढण्याची घाई सर्वांत घातक ठरते. केवळ त्यांवरच वाचता येणाऱ्या टेपमधील माहिती आधी नव्या टेपवर उतरवून पडताळावी. तोपर्यंत असे किमान दोन ड्राइव्ह चालू स्थितीत असावेत, कारण एक केव्हाही बिघडू शकतो.