'फिनिश' : हद्द, समाप्ती आणि पूर्तता

'शेवट', 'समाप्ती' आणि 'पूर्तता' हे शब्द मराठी समीक्षेत पुष्कळदा एकमेकांऐवजी वापरले जातात. कलाकृती संपणे आणि ती पुरी होणे या भिन्न घटना आहेत, ही जाणीव त्यामुळे पुसट होते. हा भेद पारखण्यासाठी इंग्रजीतील 'फिनिश' या अतिपरिचित क्रियापदाचा इतिहास उपयुक्त ठरावा.

हे क्रियापद 14व्या शतकात जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आले. त्याच्या मुळाशी लॅटिन 'फिनीरे' हे क्रियापद आणि 'फीनिस' हे नाम आहे. 'फीनिस' म्हणजे सीमा, हद्द, शेवट. त्याचे अनेकवचन 'फीनेस' सीमांनी वेढलेल्या प्रदेशासाठी योजले जाई. सीझरच्या गॉलयुद्धाच्या वृत्तान्तात ते या अर्थाने वारंवार आढळते. 'फिनीरे' म्हणजे केवळ थांबवणे नव्हे, तर हद्द घालणे. याच मुळातून 'डिफाइन' हे क्रियापद निघाले. व्याख्या करणे म्हणजे संकल्पनेच्या सीमा आखणे. 'फायनान्स' या शब्दाचा जुन्या फ्रेंचमधील अर्थ देणे चुकते करून व्यवहार मिटवणे असा होता. इंग्लंडच्या कायद्यात जमिनीच्या हक्काविषयीच्या अंतिम तडजोडीला 'फाइन' म्हणत. ही पद्धती 1833च्या कायद्याने रद्द झाली. या सर्व शब्दांत निव्वळ थांबण्यापेक्षा निश्चिती अधिक आहे.

'फिनिश'मधील 'इश' या अंत्यभागाचा इतिहास अधिक उद्बोधक आहे. तो फ्रेंच 'फिनिस्' या अंगातून आला असून 'पनिश', 'नरिश', 'पेरिश' यांतही तोच आहे. त्याचे मूळ लॅटिन 'स्क' प्रत्ययात आहे. हा प्रत्यय लॅटिनमध्ये क्रियेचा आरंभ दर्शवी. उदाहरणार्थ, 'सेनेस्केरे' म्हणजे म्हातारे होऊ लागणे. पुढे त्याची अर्थच्छटा लोपली आणि तो केवळ रूपसाधक उरला. संस्कृत 'गच्छति'मधील 'च्छ' याच इंडो-युरोपीय प्रत्ययाचा वारसा आहे. अशा रीतीने समाप्तीच्या शब्दात आरंभाचा प्रत्यय अवशेषरूपाने टिकून राहिला आहे.

इंग्रजीतील 'एण्ड' हा मात्र जर्मानिक शब्द असून संस्कृत 'अन्त'चा सगोत्र आहे. 'अन्त'मध्येही सीमा आणि शेवट हे दोन्ही अर्थ नांदतात. 'सीमान्त'मध्ये पहिला दिसतो, 'देहान्त'मध्ये दुसरा. आणि 'सिद्धान्त'मध्ये तर विचाराची निश्चिती दिसते.

साहित्यविचारात या भेदाचे महत्त्व दोन उदाहरणांवरून ध्यानात येते. डिकन्सच्या 'एडविन ड्रूड'चे नियोजित 12 भागांपैकी 6च भाग लिहून झाले होते. 1870मध्ये लेखकाचा मृत्यू झाला आणि कादंबरी थांबली. ती सीमा लेखकाने आखलेली नव्हती. कोलरिजने 'कुब्ला खान' 1816मध्ये 'खंड' असे स्पष्ट म्हणून प्रसिद्ध केली. येथे अपूर्णतेलाच कवीने हद्द दिली, आणि वाचक ती रचना त्या हद्दीच्या आत वाचतो. दोन्ही कृतींना 'अपूर्ण' हे एकच विशेषण लावले, तर नेमके जे विवेचनीय आहे तेच निसटते.

व्युत्पत्ती हा अर्थाचा कायदा नव्हे. शब्दाचा आजचा अर्थ आजच्या वापरानेच ठरतो. परंतु हा भेद वापरातही जिवंत आहे. सुताराच्या कामाला 'फिनिशिंग' नाही, असे मराठी माणूस म्हणतो, तेव्हा काम संपलेले असते. पुरे झालेले नसते. समीक्षेची परिभाषा या बोलीतील विवेकाहून ढोबळ असू नये. कृती कोठे थांबली, हे शेवटचे पान सांगते. तिची हद्द कोणी आणि कशी आखली, हे मात्र समीक्षकालाच शोधावे लागते.