तळटीप : ‘गॅरेज इंक.’

* लेखकाने ‘उसन्या गाण्यांचा अल्बम’ म्हटले आहे तो मेटॅलिकाचा ‘गॅरेज इंक.’ (१९९८) हा दोन सीडींचा संच. पहिल्या सीडीवर त्याच वर्षी नव्याने ध्वनिमुद्रित केलेली ११ गाणी आहेत. (अपवाद ‘ट्यूजडेज गॉन’चा. ते १९९७ च्या डिसेंबरात रेडिओवर प्रत्यक्ष वाजवलेले.) ‘व्हिस्की इन द जार’ हे मूळचे आयरिश लोकगीत, पण चाल थिन लिझी या बँडच्या वळणाची. त्याच गाण्याला पुढे ग्रॅमी मिळाले.

खरा ऐवज मात्र दुसऱ्या सीडीत आहे. १९८६ मध्ये स्वीडनमधील बस अपघातात बासवादक क्लिफ बर्टन गेला. त्याच्या जागी आलेल्या जेसन न्यूस्टेडसह बँडने काढलेली पहिली तबकडी म्हणजे १९८७ ची पाच गाण्यांची ईपी. ती या सीडीत आहे. दुकानदारांनी जादा पैसे उकळू नयेत म्हणून तिच्या नावातच ५.९८ डॉलर ही किंमत घातली होती. बाजारात ती दुर्मीळ झाल्यावर या संचामुळेच पुन्हा सहज मिळू लागली. सोबत एकल तबकड्यांच्या मागच्या बाजूंवर विखुरलेली गाणीही इथे एकत्र आली. शेवटची चार मोटरहेडची आहेत. डिसेंबर १९९५ मध्ये मोटरहेडचा गायक लेमी याच्या पन्नाशीनिमित्त मेटॅलिकाने लेमीसारखाच वेश करून ती लॉस एंजेलिसमध्ये वाजवली. संचात आहे ते त्याच सुमारास स्टुडिओत सलग वाजवून केलेले ध्वनिमुद्रण, त्या मैफलीचे नव्हे.

लेखक हा संच ‘भरतीचा माल’ ठरवतो, ते पटत नाही. ज्याची गाणी या संचात आहेत तो डायमंड हेडसारखा इंग्लिश बँड अनेकांनी पहिल्यांदा ऐकला तो मेटॅलिकामुळेच.

— संपा.